इंजिन बंद पडल्यावरही बोलणारी यंत्रं : समुद्रातला बिनतारी संपर्क आणि त्याची वीज



आपली संस्था गोड्या पाण्याची. हिडकलचा जलाशय, घटप्रभा, दूधगंगा, वेदगंगा, कृष्णेचं पात्र, एवढंच आपलं पाणी. मग समुद्रावरच्या वायरलेसचा पाठ इथं कशाला, असं एखादा म्हणेल. पण आपल्या काही घरांतली पोरं हंगामात मालवण, गोवा, कारवार, मालपेच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून असतात. आंबोली आणि चोर्ला घाटानं बेळगावच्या बाजारात जो समुद्राचा मासा उतरतो, त्याच्या जाळ्याला त्यांचेही हात लागलेले असतात. शिवाय हे पान कोकणपट्टीतले बोटमालकही वाचतात. पोरगं चार दिवस फोन उचलत नाही तेव्हा घरात काय चालतं ते कुणाला सांगायला नको.

म्हणून आज हा पाठ. समुद्रात संदेश कशानं जातो, किती लांब जातो, आणि त्याला लागणारी वीज कुठून येते. यातला तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा, आणि यंत्र विकत घेताना नेमका तोच कुणी विचारत नाही.

आधी एक खरी घटना. १३ डिसेंबर २०१८ ला मालपे बंदरातून 'सुवर्ण त्रिभुज' ही ट्रॉलर सात माणसं घेऊन निघाली. माणसं उडुपी आणि उत्तर कन्नड जिल्ह्यांतली. १५ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत संपर्क होता, त्यानंतर तुटला तो तुटलाच. तटरक्षक दल, नौदल, पोलीस, मच्छीमारांच्या बोटी, सगळ्यांनी शोध घेतला. शेवटी १ मे २०१९ ला नौदलाच्या आयएनएस निरीक्षक जहाजाला तिचे अवशेष मालवणच्या किनाऱ्यापासून सुमारे ३३ किलोमीटरवर, साधारण ६० मीटर खोल पाण्यात सापडले. बोट कर्नाटकातली, सापडली महाराष्ट्रासमोर. समुद्राला कुठली सीमा!

ती कशी बुडाली यावर त्या वेळी बरंच बोललं गेलं, त्यात मी शिरत नाही. मला बोलायचंय ते साडेचार महिन्यांवर. ३३ किलोमीटर म्हणजे निपाणी ते कोल्हापूर एवढंसुद्धा अंतर नाही. तेवढ्यावर बोट कुठं आहे हे कळायला साडेचार महिने गेले आणि सात घरं तोवर दाराकडं बघत बसली. साध्या बोटीवरचा वायरलेस, जीपीएस, मोबाईलचा चार्जर, सगळं एकाच बॅटरीवर चालतं आणि ती बॅटरी बहुतेक वेळा इंजिनाशेजारी, बोटीच्या तळाला असते. पाणी शिरलं की सगळ्यात आधी तीच भिजते. म्हणजे ज्या क्षणी हाक मारायची, त्याच क्षणी आवाज जातो.

ही अडचण आजची नाही. १९१२ साली टायटॅनिक बुडालं तेव्हा त्यावर वायरलेस होतं, हाकही गेली होती. कार्पेथिया नावाच्या जहाजावरचा वायरलेसवाला त्या वेळी योगायोगानं अजून ऐकत बसला होता, म्हणून सातशेवर माणसं वाचली. त्याहून जवळ असलेल्या कॅलिफोर्नियन जहाजाचा वायरलेसवाला मात्र यंत्र बंद करून झोपला होता. त्याच वर्षी अमेरिकेनं कायदा केला की जहाजाच्या मुख्य वीजयंत्रापासून वेगळी अशी वीज वायरलेसला हवी आणि ती किमान चार तास पुरली पाहिजे. तसंच ऐकायला माणूस कायम हवा. शंभर वर्षांपूर्वी मोठ्या जहाजांना लागू झालेली ही गोष्ट आपल्या कितीतरी बोटींवर आजही नाही.

आता एकेक यंत्र बघू.

मोबाईल. किनाऱ्यावरचा टॉवर जमिनीवरच्या गिऱ्हाइकांसाठी उभा केलेला असतो, समुद्राकडं त्याचं तोंड नसतं. तरी साधारण १२-१५ किलोमीटरपर्यंत दांड्या दिसतात, टॉवर डोंगरावर असेल तर थोडं जास्त. त्यापुढं फोन म्हणजे फक्त घड्याळ आणि टॉर्च. एक गोष्ट पोरांना आवर्जून सांगा: रेंज गेली की फोन टॉवर शोधत राहतो आणि त्यातच त्याची बॅटरी संपते. किनारा सोडला की तो विमान मोडवर टाकायचा. जीपीएस त्याही मोडवर चालतं.

व्हीएचएफ. ज्याला आपण नुसतं 'वायरलेस' म्हणतो ते हेच. १६ नंबरचं चॅनल संकटाचं आणि हाक मारण्याचं, तिथं गप्पा मारायच्या नाहीत. या सेटचा परवाना लागतो, तो मालकानं काढून ठेवावा. हा सेट किती लांब पोचतो हे त्याच्या किमतीवर कमी आणि अँटेनाच्या उंचीवर जास्त अवलंबून असतं, कारण व्हीएचएफच्या लहरी जवळजवळ नजरेसारख्या सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे. हिशेब सोपा आहे. अँटेनाची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला चारानं गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. ४ मीटर उंचीचं वर्गमूळ २, म्हणजे ८ किलोमीटर. समोरच्या बोटीचेही ८. दोन्ही मिळून १६. त्याच बोटीनं डोलकाठीवर अँटेना ९ मीटरवर नेली तर तिचे १२ होतात. आणि किनाऱ्यावर १०० मीटर उंचीवर तटरक्षक दलाचा किंवा बंदराचा अँटेना असेल तर त्याचे एकट्याचे ४०, म्हणजे तिथपर्यंत ५० किलोमीटरवरूनसुद्धा हाक पोचू शकते. हा कागदावरचा हिशेब आहे. केबलचा जोड गंजलेला असेल तर यातलं काहीच खरं होत नाही. हातात धरायचा ५ वॅटचा छोटा सेट असेल तर दोन होड्यांमध्ये दहा-बारा किलोमीटर फार झाले.

आता त्याची वीज. इथं जरा दमानं वाचा, कारण हा हिशेब घरी बसून करता येतो आणि त्याला कुणी इंजिनिअर लागत नाही. १२ व्होल्टचा २५ वॅटचा सेट बोलताना साधारण ५-६ अँपिअर ओढतो, नुसता ऐकत असेल तर अर्ध्या अँपिअरच्या आत. दिवसभर चालू ठेवून ऐकलं तर सुमारे १० अँपिअर-तास जातात. दिवसात सगळं मिळून अर्धा तास बोललात तर आणखी तीन. म्हणजे दिवसाला १३. आपली साधी ७५ अँपिअर-तासाची बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणून तिच्यातले ३७ धरा. नुसता वायरलेस असेल तर जवळपास तीन दिवस निघतात. पण त्याच बॅटरीवर दिवे, मासे शोधायचं यंत्र, पाणी उपसायचा पंप आणि इंजिनाचा स्टार्टर असेल तर तीन दिवसांचे तीन तास व्हायला वेळ लागत नाही. इंजिन चालू असेतोवर हे लक्षात येत नाही, कारण अल्टरनेटर भरत असतो. इंजिन बंद पडलं की कळतं.

म्हणून वायरलेसची बॅटरी वेगळी. लहान चालेल, पण वेगळी. आणि ती तळाला नको, केबिनमध्ये उंचावर, पट्ट्यानं घट्ट बांधलेली. तिला भरायला केबिनच्या छपरावर ५० वॅटचं सोलर पॅनल. चांगल्या उन्हाचे साडेचार तास धरले तर १८ अँपिअर-तास येतात, गळती जाऊन १२-१३ उरतात. वर काढलेला रोजचा खर्चही तेवढाच. म्हणजे इंजिन आठवडाभर बंद असलं तरी ऊन असेल तर सेट बोलत राहतो. समुद्रावर कुणी दुसऱ्याच्या तारेवर जगत नाही, ज्याची वीज त्यानंच पिकवायची.

पण वादळात ऊन नसतं. ढग दाटले की पॅनलची वीज पाचव्या हिश्श्यावर येते, कधी त्याहून कमी. नेमकी त्याच वेळी गरज. म्हणून बॅटरी एवढी ठेवायची की उन्हाशिवाय तीन दिवस निघतील. पॅनलवर मिठाचा थर बसतो, तो गोड्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं पुसायचा. त्यावर जाळं वाळत घालायचं नाही. हसू नका, बंदरावर जाऊन छपरं बघा. आणि बॅटरीच्या टोकांना हिरवा गंज आला की तो खरवडून वर व्हॅसलिन लावायचं, त्यात दहा रुपयांचं काम आहे.

व्हीएचएफच्याही पलीकडं गेलं की काय होतं ते २०१७ च्या ओखी चक्रीवादळानं दाखवलं. नोव्हेंबरच्या शेवटी वादळ कन्याकुमारीजवळ आलं तेव्हा केरळ आणि तमिळनाडूच्या शेकडो बोटी खोल समुद्रात होत्या. काही तर कितीतरी दिवस आधीच निघालेल्या. किनाऱ्यावर इशारा निघाला, पण तो त्यांच्यापर्यंत नेणारी दोरीच नव्हती. कितीतरी माणसं परत आली नाहीत. आणि याच वादळात एक वेगळी गोष्ट घडली, ती आपल्या बाजूची. डिसेंबरच्या सुरुवातीला ६८ बोटी, त्यांतल्या ६६ केरळच्या आणि २ तमिळनाडूच्या, ९५२ माणसांसह सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या. देवगडात त्यांना आसरा मिळाला. इकडं ही माणसं जेवत होती आणि तिकडं त्यांच्या घरी रडारड चालू होती. माणूस जिवंत आहे एवढे चार शब्द पोचवायलासुद्धा वाट नव्हती. त्याआधी २००९ च्या ११ नोव्हेंबरला फयान आलं, त्यात रत्नागिरीच्या बंदरांनी काय भोगलं ते तिकडच्या वाचकांना मी काय सांगणार.

एवढ्या लांबवर पोचायचं तर वाट एकच, आकाशातून. म्हणजे उपग्रह. पण उपग्रहाची यंत्रंही सगळी सारखी नाहीत, आणि इथंच लोकांचा गोंधळ होतो.

ओखीनंतर २०१९ मध्ये 'जेमिनी' नावाची छोटी पेटी आली. हैदराबादची इन्कॉइस संस्था आणि विमानतळ प्राधिकरण यांचं ते काम. गगन उपग्रहावरून वादळाचा इशारा, लाटांची माहिती, मासे कुठं मिळतील त्या जागा हे सगळं पेटीत उतरतं आणि ब्लूटूथनं मोबाईलवर दिसतं. कामाची वस्तू, पण ती फक्त ऐकते. तिच्यातून उलट काही सांगता येत नाही. रेडिओवरच्या बातम्यांशी कुणी बोलू शकतं का? तसं.

इस्रोचं 'डॅट' याच्या उलट. हे २०१० पासून वापरात आहे आणि वीस हजारांवर यंत्रं बोटींवर गेली आहेत. आग, बोट बुडणं, आजारपण असं कारण दाबायचं की बोटीची ओळख आणि जागा उपग्रहामार्फत नियंत्रण केंद्रात जाते, तिथून तटरक्षक दलाच्या बचाव केंद्राकडं. जुन्या डॅटची खोट एकच होती: बटण दाबलेल्या माणसाला आपली हाक कुणी ऐकली की नाही हे कळत नव्हतं. रात्रीच्या अंधारात, पाणी आत येतंय, आणि हातातली पेटी मुकी. माणूस धीर सोडतो आणि तरायचं सोडून भलतंच काहीतरी करून बसतो. २०२४ च्या जानेवारीत इस्रोनं दुसऱ्या पिढीचं डॅट आणलं, त्यात 'हाक मिळाली' असा उलट निरोप येतो, आणि केंद्राकडून वादळाचे इशारेही येतात. मोबाईलला जोडलं की आपल्या भाषेत वाचता येतं. माझ्या मते या उलट निरोपाची किंमत यंत्राच्या किमतीहून जास्त आहे.

त्यानंतर ट्रान्सपाँडर. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते या योजनेची सुरुवात झाली. खर्च सुमारे ३६४ कोटी, किनारपट्टीच्या १३ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख बोटी, मालकाला यंत्र फुकट. यात दोन्ही बाजूंनी निरोप जातो, बोट कुठं आहे ते किनाऱ्यावर दिसतं, आणि मोबाईलवर 'नभमित्र' हे ॲप चालतं. काही मालकांना हे नको असतं, कारण आपली मासे मिळायची जागा दुसऱ्याला कळेल ही भीती. भीती समजते. पण तुमच्या शेजाऱ्याला ती जागा दिसत नसते आणि रात्री दोन वाजता तुम्हाला शोधणाऱ्याला मात्र ती दिसावी लागते. जाळं टाकताना यंत्राची तार काढून ठेवणारे तांडेल आहेत असं ऐकतो. मालकानं त्यांच्याशी बसून बोलावं, आणि बसवायला आलेल्या माणसाला एक प्रश्न जरूर विचारावा: बोटीची वीज गेली तर ही पेटी स्वतःच्या बळावर किती तास चालेल? उत्तर वहीत लिहून घ्या.

सुवर्ण त्रिभुजसारख्या प्रसंगाला खरं लागू पडणारं यंत्र मात्र वेगळं आहे. त्याला ईपर्ब म्हणतात. पिवळा किंवा केशरी डबा, केबिनच्या बाहेर खुंटीवर बसवलेला. बोट बुडून तो दीड ते चार मीटर पाण्याखाली गेला की पाण्याच्या दाबानं खुंटी आपोआप सुटते, डबा वर तरंगतो आणि ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला ओरडायला लागतो. कुणी बटण दाबायचं नाही, इंजिन नको, बोटीची बॅटरी नको. त्याच्या पोटातली लिथियमची बॅटरी किमान ४८ तास पुरते आणि वर्षानुवर्षं न वापरता पडून राहिली तरी चालते. जगभरचे देश मिळून १९८२ पासून ही उपग्रहांची व्यवस्था चालवतात, भारताचं केंद्र बंगळुरूला आहे. महाग आहे, खरंय. बॅटरीची मुदत डब्यावर छापलेली असते आणि ती संपली की तो डबा म्हणजे शोभेची वस्तू. विकत घेतल्यावर बोटीच्या नावानं नोंदणी केली नाही तर हाक येते पण कुणाची ते कळत नाही. छपराच्या पत्र्याखाली खुंटी ठोकलीत तर डबा सुटून पत्र्यालाच अडकेल. मोकळ्या आकाशाखालीच हवा.

आता थोडं पुढचं. उपग्रहाशिवाय समुद्रावर स्वतःचं जाळं विणता येईल का? केरळात कोल्लमजवळ अमृता विद्यापीठानं 'ओशननेट' नावानं हे करून बघितलं आहे. किनाऱ्यावर उंच मनोरा, त्यावरून लांब पल्ल्याचं वायफाय, आणि बोटीच्या डोलकाठीवर त्याला पकडणारी पेटी. बोट गरगर फिरते, म्हणून अँटेनाचं तोंड किनाऱ्याकडं राहील अशी सोय. एका टप्प्यात ४५ किलोमीटरपर्यंत इंटरनेट पोचलं. त्यापुढची बोट मनोऱ्याला दिसत नाही, पण मधल्या बोटीला दिसते. मग मधली बोट तिचा निरोप पुढं देते. विहिरीवरून घागरी हातोहात पोचवतात ना, तसं. या जाळ्यात प्रत्येक बोट एक गाठ. एका बोटीनं बॅटरी मरू दिली की गाठ सुटते आणि तिच्या पुढचे सगळे अंधारात. म्हणून असलं जाळं कुणा एकट्या मालकाचं होऊ शकत नाही, ते सोसायटीचंच काम आहे.

समुद्रात माणसांशिवाय उभी असलेली, आपली वीज आपण करणारी यंत्रंही आहेत, आणि त्यांच्याशी आपलं वागणं फार बरं नाही. चेन्नईची एनआयओटी ही संस्था १९९० च्या दशकापासून अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात मोठे बोये नांगरून ठेवते. वर सोलर पॅनल, आत बॅटऱ्या, वारा-दाब-तापमान मोजणारी यंत्रं, आणि उपग्रहानं माहिती थेट किनाऱ्यावर. इन्कॉइसचे लाटा मोजणारे छोटे पिवळे बोये किनाऱ्याजवळ असतात, आपल्या बाजूला रत्नागिरी आणि कारवारला. समुद्राचा जो अंदाज सकाळी फोनवर येतो, त्याच्यामागं हे बोये आहेत. पण बोयाखाली सावली असते, शेवाळ येतं, म्हणून मासा जमतो. आपण हिडकलला काट्याकुट्यांची फांदी बुडवून ठेवतो तेच गणित. मग बोट तिथं येते, दोर बोयाला बांधते, जाळं त्यात गुंततं, अँटेना मोडतो. काही ठिकाणी तर पॅनल आणि बॅटरीच काढून नेलेली आहे, एनआयओटी गेली कितीतरी वर्षं मच्छीमारांना हेच समजावत फिरतेय. त्या पॅनलवर घरी दोन दिवे लागतात. आणि इकडं वादळाच्या नकाशावर एक ठिपका मुका होतो, जिथं आपलीच पोरं असतात.

बोयाला रात्रीही वीज मिळावी म्हणून लाटेचीच वीज करायचा उद्योग जुना आहे. जपानच्या योशिओ मासुदा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर लाटेनं आत-बाहेर होणाऱ्या हवेवर छोटी टर्बाइन फिरवून बोयावरचे दिवे पेटवले, तसले बोये पुढं विकलेही गेले. आपल्याकडं केरळात विळिंजमला १९९१ मध्ये लाटेवरचं वीजकेंद्र उभं राहिलं. अलीकडं, नोव्हेंबर २०२२ मध्ये, आयआयटी मद्रासनं 'सिंधुजा-१' नावाचा बोया तुतुकुडीपासून ६ किलोमीटरवर साधारण २० मीटर पाण्यात सोडला. वीज १०० वॅट. ऐकायला किरकोळ वाटतं, आपल्या घरातला एक पंखाही त्याच्याहून फार कमी खात नाही. पण वर वायरलेसचा हिशेब केला तो आठवा: ऐकायला पाच-सहा वॅट, बोलताना साठ-सत्तर. एका बोयाच्या यंत्रांना आणि त्याच्या संदेशाला १०० वॅट म्हणजे मेजवानी आहे. आणि वादळात ऊन जातं तेव्हा लाट वाढते. पॅनल जिथं थकतं तिथं लाट काम करते. फक्त मोठ्या वादळात यंत्रच मोडू नये ही अडचण सगळ्यांना छळते, म्हणून ही गोष्ट अजून बंदराबंदरात दिसत नाही.

आपल्या गोड्या पाण्यावर यातलं काय लागू? हिडकलचं पाणी पावसाळ्यानंतर पसरतं तेव्हा वाऱ्यात होडी सापडली तर तीही थोडक्यात समुद्रच. तिथं उपग्रहाचा खर्च नको. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या यंत्रांना परवान्याशिवाय मोकळा आहे. त्यावर 'लोरा' पद्धतीच्या तळहाताएवढ्या पेट्या चालतात. बोलणं जात नाही, पण छोटा निरोप आणि जागा मोकळ्या पाण्यावर कितीतरी किलोमीटर जाते, वीज अगदी चिमटीभर लागते. पाटीएवढं पॅनल आणि एक छोटी बॅटरी पुरते. काठावर उंच जागी दोन पेट्या आणि प्रत्येक होडीत एक, एवढ्यात जलाशयाचं स्वतःचं जाळं होतं. तोपर्यंत निदान मोबाईल वर तरंगेल अशा प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात, आणि लाइफ जॅकेट अंगात. होडीत पडलेलं जॅकेट कुणाला वाचवत नाही.

ज्यांची पोरं समुद्रावर आहेत त्या घरांसाठी शेवटचं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पोरं त्या दिवसांत घरी असतात. तेव्हा त्यांना बसवून एका कागदावर एवढं लिहून घ्या: बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, बंदर, मालकाचा आणि बंदरावरच्या सोसायटीचा फोन, बोटीवर डॅट, ट्रान्सपाँडर किंवा ईपर्ब आहे का, असल्यास त्यावरचा नंबर, आणि त्याच्या बॅटरीची मुदत. प्रत्येक फेरीला निघताना परत यायचा दिवस फोनवर सांगायचा, तो कॅलेंडरवर लिहायचा. दिवस उलटला की आधी मालकाला फोन, मग वाट बघत न बसता तटरक्षक दलाला १५५४ किंवा सागरी पोलिसांना १०९३. फोनवर रडत बसू नका, कागद समोर धरून वाचा: बोटीचं नाव, नंबर, कधी निघाली, शेवटचं बोलणं कधी आणि कुठून झालं. कागद देवघरात किंवा भिंतीवर लावा, ट्रंकेत नको. आणि घरात मराठी वाचणारं कुणी नसेल तर एक प्रत कन्नडमध्येही लिहून ठेवा, संस्थेच्या ऑफिसात लिहून देऊ.